मंत्री महोदया, आमच्या पोरींच्या होकाराला किंमत कधी येणार?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे तुमच्याच खात्याची माणूस. वजनं, आहार, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी यावर आमच्या मीटिंगा होतात, पण कापूस वेचताना बाया ज्या विषयावर दबक्या आवाजात बोलतात तो कुठल्याच मीटिंगमध्ये येत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. बाईच्या शरीरावर, तिच्या प्रेमावर, तिच्या इच्छेवर हक्क कोणाचा, आणि मोबाईल-पेपर-टीव्हीनं त्याचं काय करून ठेवलं, हा विषय.

बाजूच्या गावची अकरावीतली एक पोरगी एसटी स्टँडच्या मागं वर्गातल्या पोरासोबत बोलत उभी होती. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो गावाच्या ग्रुपवर आला, तिथून एका यूट्यूब न्यूजवाल्यानं उचलला आणि वर लाल अक्षरात लिहिलं, कॉलेजच्या नावाखाली काय चाललंय पाहा. चेहरा ब्लर केला होता म्हणे. पण स्कार्फ तोच, सॅकला लटकवलेलं अस्वल तेच, मागं गावाच्या नावाची पाटी, मग ब्लर करून काय झाकलं? दोघं फक्त बोलत होते हो, हातसुद्धा हातात नव्हता. तिचा मोबाईल गेला, कॉलेज गेलं, आई मला म्हणाली, "लोकाईच्या तोंडाले कोण लागन ताई, अठरा झाले का उजवून टाकतो." आणि टाकलंच. पोरगा अजून त्याच स्टँडवरून कॉलेजला जातो.

हा व्हिडिओ ज्या फोनांवर फिरला त्या फोनांवर आणखी काय काय फिरतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. बायांना मारून-ओढून केलेले व्हिडिओ पंधरा वर्षांची पोरं पानटपरीमागं पाहतात आणि बाईसोबत असंच वागायचं असतं असं समजून बसतात. टायरपासून बनियनपर्यंत जाहिरातीत बाई कमी कपड्यात उभी करतात, त्याला कोणी काही म्हणत नाही, वर कोणी म्हणतं ही घ्या तुमची स्त्रीमुक्ती. मला हे पटत नाही. पुरुषानं पाहायचं म्हणून बाई उघडी करणं आणि पुरुषाची इज्जत जाईल म्हणून बाई कोंडून ठेवणं, दोन्हीत तिला कोणी विचारलेलं नसतं. आणि म्हणून मोबाईल बंद करा हाही उपाय नाही. पुसद तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये अठराच्या आतल्या सगळ्यांना मोबाईलबंदी केली, तिथं निदान नियम पोरगा-पोरगी दोघांना होता, आमच्याकडं बंदी फक्त पोरींना, पोरांना रिचार्ज बाप मारून देतो.

हे दुखणं आजचं नाही. 1881 मध्ये सुरतच्या एका विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली, अपिलात शिक्षा कमी झाली, पण तेवढ्या एका प्रकरणावरून पेपरवाल्यांनी अख्ख्या बाईजातीचं चारित्र्य काढलं. तेव्हा आमच्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि 1882 मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापून विचारलं, की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय? त्या विधवेला दिवस गेले ते काही एकटीनं गेले नव्हते ना, मग तो पुरुष कुठं होता? आमच्याच जिल्ह्यातल्या झरी जामणी भागात लग्नाचं आमिष दाखवून फसवलेल्या कोलाम आदिवासी पोरींच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत, कुमारी माता म्हणून. पत्रकार येतात, पुढारी येतात, पोरीच्या कडेवरचं लेकरू दिसतं, पण बाहेरून आलेला ठेकेदार कोण, त्यानं पोटगी दिली का, त्याच्यावर केस झाली का, हे मी तरी क्वचितच वाचलं.

आता देसाईगंजचं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. मार्च 1972, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पोलीस स्टेशन, एक आदिवासी पोरगी, वय चौदा ते सोळा. तिचं एका मुलावर प्रेम होतं, त्याच्याशी लग्न करायचं होतं, भावानं तक्रार दिली म्हणून तिला रात्री ठाण्यात आणलं आणि तिथल्या पोलिसांनीच अत्याचार केला. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, का, तर पोरीला शरीरसंबंधाची सवय आहे. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही. मॅडम, ही पोरगी स्वतःच्या मर्जीनं कोणावर तरी प्रेम करत होती, एवढ्यासाठी तिचा नकार खोटा ठरला. मग सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. पीडितेची ओळख छापायला बंदी पण त्याच वेळी आली. म्हणूनच मी पण पत्रच लिहितेय.

पण तपासणीच्या टेबलावर ती सवयीची भाषा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध, म्हणजे अत्याचार झालेल्या बाईला संबंधांची सवय आहे का ते बोटं घालून पाहायच्या तपासणीविरुद्ध, आवाज उठवला, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये ती चूक म्हटली, 2022 मध्ये पुन्हा बजावून सांगावं लागलं. ज्या बाईला हो म्हणायचा हक्क नाही तिच्या नाहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला गावात रोज दिसतं. लग्न ठरवताना पोरीला विचारत नाहीत, नवऱ्याला नको म्हटलं तर मार बसतो, पाळणा थांबवायचा तर ऑपरेशन बाईचंच. लग्न झालेल्या जवळजवळ निम्म्या बायांनी राज्यात ऑपरेशन केलेलं आहे आणि पुरुष शेकड्यात एकही भरत नाही. नसबंदीचं नाव काढलं की बाप्पा, कमजोरी येते म्हणतात, आणि तीच बाई टाके असतानाच निंदणाला जाते.

मागं मी एका बाईला घेऊन दवाखान्यात गेले होते. नवरा नाशिकला कामाला, दिवस गेले होते, हिला नको होतं. खिडकीतून पहिला प्रश्न, "नवरा कुठी हाय? सही लागन त्याची." गर्भपाताच्या कायद्यात अठराच्या वरच्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, आणि सप्टेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की 24 आठवड्यांपर्यंतचा नियम लावताना लग्न झालेली-न झालेली असा भेद करता येणार नाही. मी हे बोलले तर मलाच विचारलं तुम्ही कोण. ती बाई पदर तोंडावर घेऊन बाकावर बसली होती, जसं काही तिनंच चोरी केली. शेवटी प्रायव्हेटमध्ये गेलो, पैसे बचत गटातून काढले.

आणि याच काळात तुमच्या खात्यानं काय केलं, तर डिसेंबर 2022 मध्ये आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय, मग ओरड झाल्यावर फक्त आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समन्वय समिती नेमली. सज्ञान बाईनं कोणाशी संसार करावा हे पाहायला सरकारी समिती! तीच नजर आम्हाला गावात भाऊ, चुलता, सरपंच यांची पुरेशी आहे मॅडम, त्यात मंत्रालयाची भर कशाला. त्या समितीचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, रद्द करा.

दुसरं, शाळेत शरीर आणि संमती शिकवा, पोरं-पोरी दोघांना, शिकवणारी माणसं नीट ट्रेनिंग देऊन पाठवा. 2007 मध्ये आपल्या राज्यानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अश्लील म्हणून थांबवला होता, तेव्हा पोरांच्या हातात असा फोन नव्हता, आज पानटपरीमागं काय पाहतात ते वर लिहिलंच आहे. आमच्या किशोरींच्या बैठकीत लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या पुढं जायची परवानगी द्या, मी घेते हा वर्ग, माझ्यासारख्या बऱ्याच जणी घेतील. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात बोर्ड लावायला आरोग्य खात्याला सांगा, की अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरते. आणि कोणाचा व्हिडिओ फिरला तर पोरीला जिल्ह्याच्या सायबर ठाण्यापर्यंत एसटीनं जायला लावू नका, बापासमोर ती तिथं जाणारच नाही, तालुक्याच्या ठाण्यात तक्रार घेणारी एक बाई नेमा, आणि व्हिडिओ काढणारा, टाकणारा आणि न्यूज म्हणून चालवणारा तिघांना बोलावा.

उत्तर द्याल तर मराठीत आणि कागदावर द्या. पुढच्या महिन्याच्या किशोरी बैठकीत वाचायचं आहे, आणि जे मिळेल त्याची झेरॉक्स दवाखान्याच्या त्या खिडकीवर नेऊन द्यायची आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा