केगचा दाब उतरला म्हणजे गळतीच असे नव्हे

संपादक महोदय,

घरी बनवलेली बिअर केगमध्ये (झाकणबंद स्टीलच्या पिंपात) भरली, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब दिला, सिलिंडर काढून ठेवला आणि सकाळी पाहावे तर दाब जवळपास गायब. मग केग गळतो असे ठरवून सगळ्या ओ-रिंगा (सांध्यांतली रबरी कडी) बदलायची घाई होते. पुष्कळदा गळती नसतेच. वायू बिअरमध्ये मुरलेला असतो. आंबवण संपलेल्या १९ लिटर बिअरला पुरेसा फसफसाट यायला आणखी साधारण ६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. वरच्या लिटरभर मोकळ्या जागेत १२ पीएसआयला मावतो जेमतेम साडेतीन ग्रॅम! ४ अंश सेल्सिअसला रेग्युलेटर (सिलिंडरवरचा दाब नियंत्रक) १२ पीएसआयवर ठेवून आठवडा-दहा दिवस वायू जोडलेलाच हवा.

पण खरी गळती असेल तर तेवढ्यात सिलिंडर रिकामा होईल. म्हणून केगची परीक्षा रिकामा असतानाच घ्यावी. ३० पीएसआय भरून वायू तोडावा आणि रात्रभर एकाच तापमानात ठेवावा. ३० अंशांवरून थेट फ्रिजमध्ये नेलात तर गळतीविनाही चारेक पीएसआय उतरतात.

दाब उतरलाच, तर भांड्यांच्या साबणाचे पाणी लावून मिनिटभर थांबावे. बारीक गळतीचे बुडबुडे सावकाश फुगतात. डिसकनेक्ट (नळीच्या टोकाचा जोड) लावल्यावरच बुडबुडे येत असतील तर पोस्टवरची (वायूच्या किंवा बिअरच्या नळीसाठी केगवर असलेल्या तोंडावरची) बाहेरची ओ-रिंग दोषी. डिसकनेक्ट काढल्यावर पोस्टच्या तोंडातून येत असतील तर पॉपेट (पोस्टमधली स्प्रिंगची झडप) नीट बसत नाही. बहुधा कचरा अडकलेला असतो. दोन्ही वेळी पोस्टच्या बुडाशी दिसले तर डिप ट्यूबखालची (पोस्टमधून केगमध्ये उतरणाऱ्या नळीखालची) ओ-रिंग गेली. ही जागा हमखास राहून जाते, आणि बिअरच्या बाजूची पोस्टही तपासायची असते, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. पोस्टला पान्हा लावण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) उघडून सगळा दाब सोडावाच.

झाकणाची गोष्ट वेगळी. कमी दाबाला ते नीट बसत नाही, म्हणून आधी ३० पीएसआय देऊन बसवावे, मग दाब उतरवावा. रिंगला खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीस पुरते. पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगते.

केग निर्दोष ठरला तर रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्या जोडातले वॉशर पाहावे. तिथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही, कारण वायू अडवतो तो वॉशर.

सिलिंडरच्या दाबमापकावरही भिस्त नको. २० अंशांना ८२० पीएसआयच्या आसपास असलेला काटा फ्रिजमध्ये साधारण ५५० वर येतो, आणि आत द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत तिथेच राहतो. किती उरला ते वजनावरूनच कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन बहुधा त्याच्यावर कोरलेले असते.

— एक वाचक