अंगणवाडीताई, त्या एका रेघेसाठी

ताई, नमस्कार.

परवा लेक वर्षाची झाली. पाहुण्यांनी घर भरलं होतं आणि मी आत तिचं वजन-वाढीचं कार्ड उघडून बसले होते. शेवटचा ठिपका ७.३ किलोवर. जन्मली तेव्हा २.४ होती. वर्षात तिप्पट व्हायला हवं, असं तुम्ही म्हणाला होतात.

पण आठवतोय तो नववा महिना. आमच्या वाण्याच्या काट्यावर पोर ६.४ भरली म्हणून मी खुशीत तुमच्याकडे आले. तुम्ही आधी चांदीचे वाळे, मनगट्या, स्वेटर, सगळं उतरवायला लावलंत. सासूबाई चिडल्या, दृष्ट लागेल म्हणाल्या. तेव्हा काळ्या मण्यांचा दोरा तेवढा राहू दिलात, अन् पोर झोळीत टाकलीत. काटा ६.१ वर.

सातव्यात ६.१, आठव्यातही ६.१. मध्ये जुलाब झाले होते, शिवाय रांगायला लागली की पोरं झडतातच, असं सगळेच म्हणत होते. तुम्ही कार्डावरून बोट फिरवलंत: सातव्यात तोच आकडा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठीक होता, आठव्यात पिवळ्यात, म्हणजे वयाच्या मानानं कमी. "ठिपका नको बघूस, रेघ बघ. आडवी झालीय." मी मात्र तोवर शेजारच्या गुबगुबीत बाळाकडेच बघत होते!

हे लूमवरून येऊन म्हणाले, "ह्या रेघा परदेशी पोरांच्या, आपली बारीकच असायची." तुम्ही शांतपणे सांगितलंत, जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली आणलेल्या ह्या रेघांसाठी सहा देशांतली मुलं मोजली, त्यात दिल्लीचीही होती. हे गप्प.

दंडाला पट्टी लावलीत, फळीवर निजवून, गुडघे धरून लांबी घेतलीत. मग आमचं डाळीचं पाणी बंद केलंत. "पाण्यानं पोट भरतं, अंग नाही भरत." चमच्यावरून ओघळणार नाही असं घट्ट खिमट, त्यात तूप आणि शेंगांचं अगदी बारीक कूट, दिवसातून तीन-चार वेळा, अंगावरचं दूध चालूच. सोलापुरात शेंगांना काय तोटा! मलाच सुचलं नव्हतं.

भर दुपारी उन्हात दोनदा घरी येऊन खिमटाची वाटी बघून गेलात. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले, उलट चहासुद्धा विचारला नाही. ते मनात डाचतंय.

पुढच्या वजनाला येते. वाळे घरीच काढून ठेवते.

तुमची,
अशोक चौकाजवळच्या चाळीतली, लेकीची आई