बोळक्या हसण्याचे कौतुक पुरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आजीच्या बोळक्या तोंडाचे गोडवे गाणारा लेख वाचला. लेखकाची शैली ओघवती आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु आत गेलेले ओठ, पुढे आलेली हनुवटी आणि बसलेले गाल हे सारे त्यांनी वार्धक्याचे दागिने म्हणून खपवावे आणि आपणही ते रंगीत चित्रासह छापावे, याचे नवल वाटले. चेहऱ्याची ती दशा एकट्या वयाने होत नाही. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजते आणि ओठांचा व गालांचा आतला आधारच नाहीसा होतो. बत्तिशी शाबूत असलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थाकडे लेखकाने एकदा निरखून पाहावे.

दाताच्या मुळाला धरून ठेवणारे हाड दातासाठीच असते. चावताना मुळावाटे पोहोचणारा दाब थांबला, की शरीर ते हाड हळूहळू शोषून घेते. दाढ काढल्यावर तेथील हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातील बराचसा ऱ्हास पहिल्या काही महिन्यांतच होतो. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दात टेकायला काही न मिळाल्याने लांब येतो, तो भाग वेगळाच.

माझ्या आईच्या खालच्या दाढा पन्नाशीच्या आतच काढल्या गेल्या. तिला मिश्रीची सवय होती, हिरड्या सुजत, दात हलत. त्यामुळे दाढा काढण्यावाचून कदाचित गत्यंतर नसेलही. पण ‘आतल्या दाढा कोणाला दिसतात?’ एवढे बोलून तिची बोळवण करणाऱ्या त्या दवाखान्यात पुढे हाडाचे काय होणार, याचा चकार शब्द कोणी काढला नाही. कालांतराने उरलेले दातही गेले आणि कवळी आली. वरची कवळी टाळूला चिकटून राहत असे, खालची मात्र कधीच बसली नाही, कारण तिला ज्या उंचवट्याचा आधार हवा, तोच सपाट झाला होता. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो, हे आम्हाला फार उशिरा समजले. नात्यातल्या एका लग्नात जिलबीचा तुकडा तोडताना खालची कवळी उचकटून जिभेवर आली. भरल्या पंगतीतून उठता येईना, म्हणून आई पदर तोंडाशी धरून नुसता मठ्ठा पीत बसली आणि त्यानंतर चारचौघांत कधी जेवली नाही. कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून असे. ती घातली की खालच्या ओठात कळ येते, असे आई म्हणायची, तेव्हा ‘सवय करा, होते सवय’ असा उपदेश आमच्याकडच्या मंडळींनी केला. हाड इतके खाली गेले होते, की ओठाकडे जाणाऱ्या नसेवरच कवळी दाबत होती, याचा उलगडा पुढे एका दंत महाविद्यालयातील डॉक्टरांनी नुसते बोट फिरवून केला. तोवर नातेवाइकांत ती नखरेल ठरून गेली होती.

आता उपाय नाहीत, असे नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे ओळखणारे स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात तसे स्क्रू बसवले. खालच्या जबड्यात असे दोन स्क्रू बसवले, तरी कवळी त्यांवर घट्ट अडकते. खर्च मात्र सामान्य निवृत्तिवेतनधारकाला झेपणारा नाही, आणि त्यालाही मुळात पुरेसे हाड शिल्लक लागते. नसेल, तर आधी हाड भरण्याची शस्त्रक्रिया आली.

म्हणूनच त्याच लेखाखाली आपण छापलेली ‘एका दिवसात पक्के दात’ ही पाव पानाची जाहिरात मला लेखापेक्षाही अधिक खटकली. तिच्यात ना किमतीचा उल्लेख, ना हाड तपासून घ्यावे लागेल याची सूचना. जाहिरातीचे उत्पन्न आपल्याला हवेच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु दाढ काढण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना काय विचारावे, हे सांगणारा अर्धा रकाना एखाद्या दंतवैद्याकडून लिहवून घेणे आपल्या पुरवणीला अशक्य नसावे. आजीच्या चित्राने व्यापली होती, तेवढी जागा त्याला पुरेल.

कळावे.
आपली एक नियमित वाचक,
सांगली