रक्ताच्या उलटीनंतर ‘टिप्स’चा विचार लवकर व्हावा

माननीय संपादक महोदय,

सिरोसिसमुळे (यकृत जखमांच्या वणांनी निबर होण्याच्या आजारामुळे) रक्ताच्या उलट्या होणारा रुग्ण आमच्याकडे पुष्कळदा दोन-तीन रक्तस्राव होऊन, कावीळ वाढून आणि मूत्रपिंडेही मंदावल्यावर पाठवला जातो. ‘टिप्स’, म्हणजे यकृतातून रक्ताला नवी वाट काढून देऊन शिरांतील दाब कमी करणारी प्रक्रिया, सुचवली की ‘हा उपाय आधी का सांगितला नाही?’ असे नातेवाईक विचारतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते.

सिरोसिसमध्ये यकृत घट्ट होते, आतड्यांकडून येणारे रक्त त्यातून सहज वाहत नाही, ते रक्त यकृतात आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढतो आणि अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात. ‘टिप्स’मध्ये पोट न उघडता मानेतील शिरेतून यकृताच्या शिरेत पोहोचायचे, तेथून यकृताच्या गाभ्यातून सुई पोर्टल शिरेच्या फांदीत न्यायची, ती वाट फुग्याने रुंद करायची आणि ती उघडी ठेवणारा आच्छादित स्टेंट (आवरण असलेली जाळीदार नळी) बसवायचा, असा क्रम असतो. यातला खरा कसोटीचा क्षण सुईचा, कारण क्ष-किरणांच्या पडद्यावर पोर्टल शिरा आपोआप दिसत नाही. तिची दिशा आधीच्या सीटी स्कॅनवरून आणि सोनोग्राफीच्या मदतीने ठरवावी लागते. शेवटी या वाटेच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजतात. त्यांतील फरक १२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली आला, की पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका बराच घटतो.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९८८ मध्ये धातूचा स्टेंट वापरून ही प्रक्रिया रुग्णावर प्रथम झाली. युरोपातील ६३ अतिजोखमीच्या रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एंडोस्कोपीनंतर ७२ तासांच्या आत ‘टिप्स’ केलेल्यांपैकी वर्षभराने ८६ टक्के हयात होते, तर औषधे व बँडिंगवर (एंडोस्कोपीतून फुगलेल्या शिरांना रबरी कडी बांधण्यावर) ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के. अभ्यास लहान असला तरी हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हा उपाय सर्वांसाठी नाही. ज्याचे हृदय कमकुवत आहे, त्याला वाढलेला रक्तप्रवाह झेपत नाही. शिवाय यकृताला वळसा घालून अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचल्याने गुंगी किंवा भ्रम होऊ शकतो. झोपेची वेळ उलटी होणे, हात फडफडणे, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे घरच्यांना संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच त्यांच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजेत. बद्धकोष्ठतेने अमोनिया वाढतो, म्हणून ती होऊ न देणे किती महत्त्वाचे आहे, हेही.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एंडोस्कोपी करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती, की बँडिंग झाल्यावर चाइल्ड-प्यू गुणांक (यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा आकडा) काढावा आणि जोखीम अधिक असल्यास दुसऱ्या रक्तस्रावाची वाट न पाहता त्याच दिवशी ‘टिप्स’ची सोय असलेल्या केंद्राला दूरध्वनी करावा.

आपला विश्वासू,
एक इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, पुणे