खुले पत्र: फीत कापलीत, वीज कुठे आहे?

मा. परिवहनमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

काल रात्री पावणेबारा वाजता माझी इलेक्ट्रिक गाडी 7 टक्क्यांवर होती, मागच्या सीटवर आई औषधाच्या गुंगीत होती आणि समोर होतं आपण उद्घाटन केलेलं चार्जिंग स्टेशन. चार्जर दोन. एक ठार बंद, दुसऱ्यापुढे कुणाची तरी डिझेल गाडी उभी. ॲपवर मात्र दोन्ही हिरवेगार! पुढचं स्टेशन 40 किलोमीटरवर.

महामार्गावर बंद चार्जर दिसणार नाही, असा शब्द आपण दिला होतात. पाळलात. तिथले दिवेही बंद होते.

गाडी मी हौसेनं घेतली. घरी चार्ज केली तर खर्च खरंच कमी येतो. ऑइल नाही, क्लच नाही. पण घरी म्हणजे हक्काचं पार्किंग आणि सोसायटीची परवानगी. ती मिळायला आठ महिने गेले, कारण 'आग लागेल'. मिळालं काय, तर साधं सॉकेट. तासाला जेमतेम 3 युनिटं, बॅटरी 40 युनिटांची. करा भागाकार. वाया जाणारी वीज धरून 14-15 तास! मला सकाळी कामावर जायचं असतं, साहेब.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर मला घरच्या दुप्पट-तिप्पट दर पडतो, 80 टक्क्यांनंतर वेग मंदावतो, आणि प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. माझे पैसे पाच वॉलेटांत अडकलेत. पेट्रोल भरताना कुणी ओटीपी मागतं का? गाडी जड, त्यामुळे टायरही लवकर झिजले. ते असो.

चार्जर चालू राहिले त्या तासांचा हिशेब रोज जाहीर करा, आणि ॲपशिवाय साध्या कार्डानं पैसे घ्या. एवढंच मागणं. होणार नाही, ठाऊक आहे. कारण तुमच्या सगळ्या खात्यांत 'बसवलं' तेवढंच मोजतात, 'चालतं' ते मोजायला माणूसच नाही. शाळेतला संगणक असो की दवाखान्यातलं यंत्र, फोटो निघाला की बारसं झालं. पुढे ते जगो वा मरो.

आम्ही घरी पोचलो पहाटे साडेतीनला, टोइंगच्या ट्रकवरून. ट्रक डिझेलचा होता. पावती सोबत जोडली आहे.

आपला,
पाच वॉलेटांचा मालक