बेसमेंटातल्या काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेतलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे, इथे तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही. काकूंना आधीच सांगून ठेवलंय. त्या मोठ्याने वाचून दाखवतील, तेव्हा चष्मा सापडत नाही ही सबब चालायची नाही.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. काका मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतात. १९७१ साली शिकायला आले आणि मोटारींच्या ड्रॉइंगवर नोकरी करून निवृत्त झाले. त्यांच्या बेसमेंटात जुन्या अमेरिकन गाड्यांची १/२५ मापाची प्लास्टिक मॉडेलं आहेत, आणि न बांधलेल्या किटांची छतापर्यंत थप्पी. मी सॉफ्टवेअरवाली. गराज सेलमध्ये १९५७च्या शेवरले बेल एअरचं एक किट दिसलं, खोक्यावरच्या चित्रातल्या मागच्या पंखांवर भुलले आणि घेऊन आले. त्याआधी ब्लेड हातात धरलं असेल ते शाळेत क्राफ्टच्या तासाला.

खोकं उघडलं तर पुढची काच टायरला चिकटून वितळलेली, टायरची नक्षीसुद्धा तिच्यावर उमटलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जुन्या किटांत हे सर्रास होतं. व्हायनलचं टायर मऊ राहावं म्हणून त्यात जे रसायन घालतात ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातं. हे तुम्ही मला पहिल्याच भेटीत समजावलंत. मग काही न बोलता उठलात आणि ‘काचा ५५-५७’ असं मराठीत लिहिलेला बिस्किटांचा डबा काढून त्यातली एक काच माझ्या हातावर ठेवलीत. किती पैसे, हे विचारल्यावर ज्या नजरेने बघितलंत ती नजर अजून लक्षात आहे.

त्या दिवशी मला वाटलं होतं, आता गोंद आणि रंग मिळणार. तुम्ही म्हणालात, "आधी गाडी बघून ये." किटमधला माहितीचा कागद तुम्ही चक्क काढून घेतलात. तो मला महिनाभराने परत मिळाला.

आज या पत्रात आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या एका वाक्याचे.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५पासून चालू आहे. लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि जुन्या गाड्या दिवसभर इकडून तिकडे फिरतात. बाकीचे गाड्यांसोबत फोटो काढत होते आणि मी गुडघ्यांवर बसून गाड्यांच्या पोटाखालचे. एक '५७ बेल एअर भेटली, टर्कॉइझ रंगाची, छत ‘इंडिया आयव्हरी’. (हे शेवरलेने रंगाला दिलेलं खरं नाव आहे, तुम्ही सांगितलंत तेव्हा मला थट्टा वाटली होती.) मी इतकी वाकून बघतेय म्हटल्यावर मालकच उठून आले. तुम्ही यादी दिलीच होती: जाळीचा रंग, पंखावरची पट्टी, पेट्रोलचं झाकण.

जाळी सोनेरी निघाली! किटमध्ये सगळं एकसारखं चकचकीत क्रोम असतं, म्हणून मी जाळी चंदेरीच ठेवणार होते. पण बेल एअर ही त्या वर्षीची सगळ्यात वरच्या दर्जाची शेवरले, त्यामुळे तिची जाळी सोनेरी, पुढच्या मडगार्डवरच्या तीन छोट्या खुणा सोनेरी, नावाची अक्षरंही सोनेरी. पेट्रोलचं झाकण कुठे असेल ते मला काही केल्या सापडेना. मालकांनी डाव्या पंखाच्या मागच्या टोकाची क्रोमची पट्टी बोटाने ओढली, ती दारासारखी उघडली आणि आत झाकण! गाडीत पेट्रोल भरायची जागा अशी दागिन्यामागे लपवायची, हे ज्याच्या डोक्यातून आलं त्याला दंडवत.

घरी येऊन तुम्हाला फोटो दाखवले. तुम्ही सोनेरी रंग नाही दिलात. क्रोमवरच पारदर्शक पिवळा, त्यात नारिंगीचा एक थेंब, पातळ करून फिरवायला लावलात. खालचं क्रोम त्यातून चमकतं आणि धातूला सोन्याचा मुलामा दिल्यासारखं दिसतं. बाजारातल्या सोनेरी रंगाने ती जाळी पितळी पूजेची भांडी वाटली असती.

इंजिनाचं तर विचारूच नका. २८३ घनइंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, नारिंगी रंगाचं. त्या काळी अल्टरनेटर नव्हता, जनरेटर होता, म्हणून दुसऱ्या किटमधला उरलेला अल्टरनेटर लावायला मला बंदी. स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये नसतातच. खरी वायर साधारण सात मिलिमीटर जाड, भागिले २५, म्हणजे ०.२८ मिलिमीटर. तुम्ही तेवढ्याच जाडीची तार शोधून ठेवली होती, कॅलिपर लावून दाखवलीत. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपणाला ड्रिलच्या सुईएवढ्या पात्याने भोकं पाडून घेतली आणि मग तुम्ही फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, पाठ करून घेतलीत: एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. ड्रायव्हरकडच्या ओळीत १, ३, ५, ७ आणि पलीकडे २, ४, ६, ८. मी विचारलं, बॉनेट बंद झाल्यावर कोण बघणार आहे? तुम्ही म्हणालात, "डिस्ट्रिब्युटर मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीला, चिकटून आहे. पुढच्या प्लगची वायर लांब, मागच्याची आखूड. कुठली कुठे जाते हे माहीत नसेल तर लांबी कशी ठरवणार?" म्हणजे अचूकपणाचा उपदेश नव्हताच तो, वायर कापायची सोपी रीत होती. तुमचं शिकवणं नेहमी असंच असतं, तत्त्व शोधायला गेलं की हातात युक्ती येते.

रंगाबद्दलही तसंच. मला जाड, ओला दिसणारा चकाकता थर हवा होता. तुम्ही पाटीवर गणित मांडलंत: थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर. एवढ्या रंगाखाली दाराच्या फटी बुजतात, अक्षरं बुजतात, गाडी साबणाची वडी दिसते. म्हणून सगळे थर पातळ. त्याआधी भांड्याच्या साबणाने प्लास्टिक धुवायचं, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग प्रायमर. जुलैच्या दमट हवेत स्प्रे मारला की पांढरट झाक येते, जानेवारीत गराजमध्ये मारला तर रंग बसतच नाही. मिशिगनमध्ये रंगकाम म्हणजे मे आणि सप्टेंबर, बाकी वर्ष घासकाम.

इथे काकूंचेही आभार मानते. त्यांनी कढीपत्ता वाळवायला आणलेलं डिहायड्रेटर आता कायमचं बेसमेंटात गेलंय, रंगवलेल्या बॉड्या वाळवायला. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर न्यायचं नाही, नाहीतर छत वाकतं. काकूंनी नवीन घेतलं. त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, ‘फक्त खाण्याचे’.

पण खरी कसोटी फॉईलची. खिडक्यांच्या कडा, काचेभोवतीची चौकट, पंखावरची ती रेघारेघांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, हे सगळं बेअर मेटल फॉईलने करायचं. आपल्याकडच्या मिठाईवरच्या वर्खासारखं नाजूक, फक्त एका बाजूला चिकट. पट्टी कापायची, अलगद टेकवायची, टूथपिकने दाबत न्यायची म्हणजे प्रत्येक रेघ वर उठते, मग नव्या कोऱ्या पात्याने कडेने कापून उरलेलं सोलायचं. पातं जरा बोथट झालं की फॉईल कापत नाही, फाटतं. तुम्ही दर खिडकीला पातं बदलायला लावलंत आणि वापरलेली पाती औषधाच्या बाटलीत टाकायला शिकवलंत. त्या पंखाच्या पट्टीला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. तुम्ही शेजारी बसून होतात, रेडिओ लावून. हातात घेऊन करून दाखवलं नाहीत, एकदाही नाही. तेव्हा राग आला होता. आज ती पट्टी माझी आहे.

आणखी काही गोष्टी नुसत्या नोंदवते, वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडतील. क्रोमवर प्लास्टिकचा गोंद धरत नाही, जोडायच्या जागेवरचं क्रोम खरवडायचं. बिघडलेलं क्रोम घरातल्या ब्लीचमध्ये ठेवलं की उतरतं. काच सुपरग्लूने लावायची नाही, तिच्यावर धुकं बसतं. शाळकरी पोरांचा पांढरा गोंद पुरतो. गाडीतल्या मॅटऐवजी बारीक फ्लॉकिंगचा (मखमली तंतूंचा) भुगा टाकला की गालिचा होतो.

ट्रॉयबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मला किंवा कामावरच्या कुणालाही माहीत नव्हतं, आणि आम्ही सगळे इथेच राहतो! एएमटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, १९४८ साली सुरू झालेली इथलीच कंपनी. आधी शोरूमसाठी छोट्या गाड्या बनवायची, नव्या वर्षाचं मॉडेल गिऱ्हाइकाच्या हातात देता यावं म्हणून. १९५८पासून दरवर्षी नव्या गाड्यांची किटं काढायला लागली, एकाच खोक्यात तीन प्रकार: कारखान्यातून निघाली तशी, सजवलेली, शर्यतीची. १९७८मध्ये मॅचबॉक्स गाड्यांवाल्या लेस्नीने कंपनी घेतली. आज ते नाव इंडियानातल्या साउथ बेंडच्या राउंड टू कंपनीकडे आहे. तुम्ही विद्यार्थी असताना गाडी परवडत नव्हती आणि किट परवडत होतं, असं तुम्ही हसत सांगता. पण काकूंकडून कळलं की पहिल्या वर्षीच्या थंडीत, ओळखीचं कुणी नसताना, तुम्ही खोलीत बसून तेच करायचात. नवीन आलेल्या पोरापोरींना तुम्ही बेसमेंटात का बोलावता ते मला त्या दिवशी समजलं. मीही तेव्हा नवीनच होते.

टोलेडोच्या एनएनएल या मॉडेल गाड्यांच्या प्रदर्शनाला मला घेऊन गेलात त्याचेही आभार मानायचे राहून जायचे. तिथे मी माझी बेल एअर मांडली आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर एका अनोळखी गृहस्थांशी फोर्डच्या इंजिनांवर वाद घालत उभे राहिलात. १९६६पासून फोर्डने सगळी इंजिनं निळी करायला घेतली, त्याआधी तसं नव्हतं, आणि त्यांनी ६४ची मस्टँग निळ्या इंजिनाची केली होती. जेवणाची वेळ टळली. शेवटी त्यांनी तुमचा नंबर घेतला. आता ते दर रविवारी फोन करतात, असं काकू वैतागून सांगतात.

आता तुमच्याकडच्या त्या अर्धवट गाडीबद्दल. एएमटीची '५१ची शेवरले, दोन दारांची, तुम्ही चार दारांची करायला घेतलीत आणि बाजूला ठेवलीत. मोठ्या कंपन्यांनी किटं काढली ती बहुतेक दोन दारांची, पोरांना त्याच हव्या असत. आणि तुमच्या वडिलांनी ज्या जोडल्या त्या चार दारांच्या, उजव्या स्टिअरिंगच्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८पासून होता, १९५४मध्ये बंद झाला, मग ते कुर्ल्याला प्रीमियरमध्ये लागले, एवढंच तुम्ही बोललात. बाकी काकूंनी.

तर काका, मी फोटो मिळवलेत. ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्या होल्डन कंपनीने जोडलेल्या '५१च्या शेवरलेचे, उजव्या स्टिअरिंगचे. डॅशबोर्ड सरळ आरशातल्यासारखा उलटा नाही, घड्याळाची जागा वेगळी दिसतेय. दुसरं, सहा सिलिंडरच्या त्या इंजिनाला कार्बुरेटर डावीकडे आणि डिस्ट्रिब्युटर उजवीकडे. स्टिअरिंगचा दांडा उजवीकडे आला तर तो डिस्ट्रिब्युटरच्या खालून नेमका कसा जातो ते एका फोटोत अर्धवट दिसतंय. मला वाटतं तो ब्लॉकला जवळजवळ घासून जातो, तुम्हाला वेगळं वाटेल.

शनिवारी दहाला येते. फोटो मोठे छापून आणते, नवी पातीही आणते. मधला खांब कुठे कापायचा ते तुम्ही खूण करून ठेवा.

आपली,
बेल एअरवाली