शांत रस्त्याचं रुंदीकरण : रस्तेमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष. यातलं 'सप्रेम' सवयीनं लिहिलं गेलं, ते फारसं मनावर घेऊ नका.

पत्र उजव्या हातानं टाइप करतोय. डावा गळ्यात बांधलेला आहे. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, तळ्याकडे उतरणाऱ्या तुमच्या नव्या कोऱ्या रस्त्यावर मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. तोल सावरायला कडेला झालो, तर तिथे गटाराची जाळी. तिच्या पट्ट्या चाकाच्या दिशेनं उभ्या. माझ्या सायकलचा टायर २८ मिलिमीटरचा, फट त्याहून मोठी. पुढचं चाक आत गेलं आणि मी पुढे. गळ्याजवळचं हाड मोडलं. सायकलवाल्यांचं हे हाड मोडायचंच, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी कागदावरून मानही वर केली नाही.

गाडीवाला थांबला, हे त्याचं कौतुक. काच खाली करून म्हणाला, "एवढा मोठा रस्ता केलाय, जरा बाजूनं चालवायला काय होतं?"

साहेब, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. रस्ता एवढा मोठा कुणी केला?

गेल्या वर्षीचा ३ जून आठवतो का? जागतिक सायकल दिन. तुम्ही तळ्याच्या बंधाऱ्यावर आला होता. डोक्यात हेल्मेट होतं, उलटं घातलेलं, पण तो मुद्दा नाही. (मुद्दा नाही म्हणतोय, तरी वर्षभर विसरलेलो नाही.) दीडशे मीटर सायकल चालवलीत आणि माइक हातात घेऊन म्हणालात, "हा रस्ता म्हणजे आपलं वैभव आहे. याला आम्ही हात लावणार नाही." मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा दोन्ही हात शाबूत होते.

आठ महिन्यांनी पोकलेन आला. पाठोपाठ फलक लागला: 'सायकलस्नेही निसर्गमार्ग विकसन'. सायकलस्नेही! पूर्वी तिथे सायकलस्नेह नव्हता, नुसता रस्ता होता. साडेतीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत गुंतलेली, समोरून गाडी आली की दोघांपैकी एकानं कडेला थांबायचं. या थांबण्यातच सगळं आहे, हे तुमच्या अभियंत्यांना समजलं नाही, किंवा समजूनही उपयोग नव्हता, कारण थांबण्याचं टेंडर निघत नाही. अरुंद रस्त्यावर चालकाला वेग कमी करा असं सांगावं लागत नाही. समोरचं वळण दिसत नाही, म्हणून तो आपोआप तिशीवर येतो. तुम्ही रस्ता सात मीटर केलात, दोन वळणं सरळ केलीत, झाडं काढून 'दृश्यमानता वाढवली'. झालं. तोच माणूस तीच गाडी साठनं हाकतो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. तुमच्या खात्याच्या पुस्तकात काय आहे ते पुढे सांगतो.

या रस्त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि इतरांना कळलं की पुढच्याच शनिवारी तिथे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या लागतात. शांत रस्ता नाव छापल्यावर फार दिवस शांत राहत नाही. तुम्ही तर त्याला कमान उभारलीत.

तळ्याकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं ज्यांनी नुसता नकाशा पाहिलाय त्यांना वाटतं. तुमच्या अहवालातही 'सपाट व सुलभ' असंच छापलंय. साहेब, डोंगराची प्रत्येक सोंड पाण्यात उतरते आणि दर दोन सोंडांमध्ये एक ओढा येऊन मिळतो. रस्ता सोंडेवर चढतो, मोरीपाशी उतरतो, पुन्हा चढतो. आमच्या ४२ किलोमीटरच्या फेरीत अशा १९ मोऱ्या आहेत. दर मोरीला सरासरी ३५ मीटर चढ धरा. साडेसहाशे मीटरच्या वर गेलं, आणि नकाशावर पाण्याची पातळी जिथल्या तिथे. पहाटे डोंगरावरून खाली वाहणारी गार हवा असते, ऊन चढलं की वारा उलटतो आणि दरीतून वर यायला लागतो. म्हणून आम्ही तळ्याची बाजू आधी घेतो आणि घाटाचा चढ शेवटी, वारा पाठीशी घेऊन. चढावर वेग ताशी आठ. एवढ्या वेगात सायकल थोडी डुलतेच, हातभर जागा लागते. बाजूनं साठनं गाडी गेली की ती हातभर जागाही उरत नाही.

आणि कान. सायकलवाल्याला आरसा नसतो, कान असतात. त्या जुन्या रस्त्यावर गाडी दोन वळणं लांब असतानाच ऐकू यायची. गिअर बदलल्याचा आवाज, मग झाडांमागे गायब, मग पुन्हा. तेवढ्यात आम्ही एका रांगेत यायचो. शांतता म्हणजे मनाला बरं वाटायची चैन असा तुमचा समज दिसतो, पण त्या रस्त्यावर ती आमची सुरक्षा-यंत्रणा होती. आता गाड्यांचा आवाज सलग असतो. त्यातली कुठली आपल्यावर येतेय, कसं कळणार?

मी मोजलंय. काम सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी सकाळी सात ते आठ, पहिल्या मोरीच्या कठड्यावर बसून : ११ गाड्या. पडण्याच्या आदल्या रविवारी, तोच कठडा, तीच वेळ : १४३. दोन-चार इकडेतिकडे असतील, मध्ये एकदा चहा सांडला. तरी तेरापट. गणित चुकत असेल तर तुमच्या खात्यानं मोजून मला खोटं पाडावं. मोजणार नाहीत, कारण मोजलं की लिहावं लागतं.

आणि ती सायकल मार्गिका! डांबराच्या कडेला हिरवा पट्टा, रुंदी दोन वितीही नाही, बरोबर गटाराच्या जाळ्यांवरून गेलेला. पावसात हिरव्या रंगावरून टायर साबणावरून घसरावा तसा घसरतो. नवा थर चढवला, साइडपट्टी मात्र खालीच राहिली. डांबराची कड चार बोटं उंच. एकदा खाली उतरलात की तिरकं परत चढता येत नाही. उतारावर रंबलर टाकलेत, त्यांवरून गाडीतल्याची कॉफी हलते आणि आमचं हँडल सुटतं. हे ज्यानं आखलं त्यानं आयुष्यात सायकलवर पाय टाकला असेल, तर मी हे पत्र मागे घेतो.

तीन पत्रं लिहिली. पहिल्याला पोच मिळाली. दुसरं 'योग्य कार्यवाहीस्तव' पर्यटनाकडे गेलं, पर्यटनानं वनाकडे, वनानं 'रस्ता आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून परत तुमच्याकडे. तळ्याची फेरी मी तीन तासांत करतो, माझ्या पत्रानं चार महिन्यांत केली. तिसऱ्याचं उत्तर एका ओळीचं : 'सदर मार्ग सायकलस्नेही आहे.'

तुम्हाला परदेशी उदाहरणं आवडतात, भाषणात असतात. मग घ्या. स्वित्झर्लंडनं २०१८ मध्ये सायकल मार्गांचा विषय थेट राज्यघटनेत घातला, मतदानात ७३ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि २०२३ पासून त्याचा कायदा लागू आहे. जपानमध्ये बिवा सरोवराभोवतीची सुमारे २०० किलोमीटरची फेरी २०१९ पासून राष्ट्रीय सायकल मार्ग आहे. इटलीत स्टेल्व्हिओचा घाट, २७५७ मीटर उंच, एका बाजूनं ४८ हेअरपिन वळणं. तोही वर्षातून एखादा दिवस गाड्यांना बंद ठेवून सायकलींना मोकळा देतात. ती ४८ वळणं तुमच्या हाती लागली असती तर एव्हाना बोगदा झाला असता. ब्रिटननं २०२२ मध्ये वाहतुकीच्या नियमावलीत लिहिलं की सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर सोडा. आपल्याकडे दीड मीटर म्हणजे मार्गिका, फूटपाथ आणि गटार मिळून.

पण तुमच्याशी एकट्याशी भांडण नाही, आधीचे मंत्रीही असेच होते. रस्ता म्हणजे काय, हे आपल्याकडे मोजमाप पुस्तिका ठरवते. लांबी, रुंदी, जाडी, खडीचे घनमीटर. तिच्यात शांततेचा रकाना नाही, सावलीचा नाही. तोडलेलं झाड खर्चात दिसतं, उभं ठेवलेलं कुठेच दिसत नाही. मग राखेल कोण? राखण्याला उद्घाटन नसतं, फीत नसते, टक्का नसतो. (हा शेवटचा शब्द काढायला बायकोनं सांगितलं होतं. राहू दे.)

आणि मी तरी कोण? हौसेनं चालवणारा. हाड जुळेल, दुसरा रस्ता शोधेन. त्या रस्त्यानं रोज सायकलवर शाळेत जाणारी मुलं होती. परवा हाड दाखवायला गेलो तेव्हा वाटेत विचारलं, तर आता त्यांचे आईबाप त्यांना गाडीतून सोडतात. म्हणजे १४३ मध्ये आणखी भर. यालाच बहुधा तुमच्याकडे 'मागणी वाढल्याने रुंदीकरण' म्हणतात.

मागण्या थोड्या आहेत. जाळ्या आडव्या करा. त्याला टेंडर लागत नाही, एक पहार आणि दोन माणसं, एका दिवसाचं काम. साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरा. त्या उतारावर तीसची मर्यादा लावा, आणि नुसता फलक लावून मोकळे होऊ नका, रस्ता पुन्हा थोडा आवळा. रविवारी पहाटे ते दहा गाड्या बंद ठेवा. आणि तळ्याची पलीकडची बाजू अजून साडेतीन मीटरच आहे. तिथे काही विकसित करू नका.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. सातव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी सातला मी पहिल्या मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसलेला असेन. यायचं असेल तर या, या वेळी माइक नको. आणि हेल्मेट घट्ट करायचं ते छोटं चाक मागच्या बाजूला येतं.

आपला,
एका हातानं टाइप करणारा सायकलवाला